तुमच्या श्रद्धेचा शिक्का माणसाच्या लग्नावर कशाला?

बुद्धपौर्णिमेच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहारात दोघीजणी आल्या. दोघीही आपल्याच. एक कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते, दुसरी हॉस्पिटलात आयाचं काम करते. सहा वर्षं एका खोलीत राहतात. मागणी एवढीच, की पौर्णिमेला सामुदायिक मंगल परिणय आहे, त्यात आम्हालाही उभं करा. त्रिशरण-पंचशील घेऊ, एकमेकींना हार घालू, वस्तीला खीर वाटू. सरकारी कागद मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. कागद मागायला त्या आल्याच नव्हत्या.

कमिटीतले दादा लोक आधी हसले. मग गप्प झाले. मग एकानं तोडून टाकलं, "ताई, आपल्या धम्मात हे बसत नाही."

मी त्या कमिटीत तरुणांचा प्रतिनिधी म्हणून बसलेलो. विद्रोहाच्या कविता लिहिणारा, माईक हातात आला की व्यवस्थेची आईबहीण काढणारा मी. मी काय केलं? सतरंजीचे दोरे उपटत बसलो. त्या दोघी उठल्या, बुद्धाला वाकल्या, बाहेर गेल्या. चपला घालताना त्यातली एक म्हणाली, "माझी आजी गावात देवळाच्या पायरीवर हेच ऐकून आली होती. बसत नाही."

त्या दिवशी जे तोंडातून निघालं नाही ते इथं लिहितोय. ज्यांना राग येईल त्यांनी जरूर यावा, मी गोदीतून पाळी संपवून आठला घरी असतो.

'बसत नाही' हे दोन शब्द आपण कधीपासून ऐकतोय? पाणवठा आपल्यात बसत नव्हता. शाळा बसत नव्हती. आणि लग्न तर कधीच बसत नव्हतं. हिंदू कायद्यात वेगवेगळ्या जातींच्या माणसांचं लग्न, त्यातही वरच्या जातीची बाई आणि खालच्या जातीचा पुरुष, हे लग्नच धरलं जात नव्हतं. मनूनं त्याला प्रतिलोम म्हटलं आणि त्या पोटच्या लेकराला चांडाळ. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आंतरजातीय लग्नं कायदेशीर करणारं बिल आणलं तेव्हा सनातन्यांनी बोंब ठोकली की धर्म बुडाला. शाहू महाराजांनी त्या बिलाला पाठिंबा दिला, आपल्या संस्थानात तसा कायदाही केला. पण ब्रिटिश हिंदुस्थानात ते बिल पडलं. आंतरजातीय लग्न रद्द ठरणार नाही हे देशभर कायद्यानं सांगायला १९४९ साल उजाडावं लागलं. म्हणजे स्वातंत्र्य आधी आलं, आणि प्रेम करून जातीबाहेर लग्न करायची मुभा दोन वर्षांनी.

त्याआधी कायद्यानं लग्न करायची एक चोरवाट होती, १८७२ चा कायदा. त्याखाली लग्न करायचं तर लिहून द्यावं लागे की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन काहीच नाही. लग्न करायचं तर आधी धर्म उंबऱ्याबाहेर काढून ठेवा. १९२३ ला त्यात थोडी सूट मिळाली, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं ती अट गेली. तरी आजही त्या कायद्यानं लग्न करणाऱ्यांना तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कचेरीत लागते. मग पोरीचा बाप, भाऊ, कुठल्या तरी सेनेची पोरं काठ्या घेऊन कचेरीच्या दारात. ज्यांना जातीबाहेर प्रेम करून पाहायचंय त्यांना हे तीस दिवस सांगायला नकोत.

आता बघा गंमत. २०२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात गेलेल्या माणसांनी काय मागितलं? भटानं येऊन मंगलाष्टका म्हणाव्यात, काझीनं निकाह लावावा, पाद्र्यानं चर्चमध्ये अंगठ्या बदलाव्यात, असं मागितलं काय? मुख्य मागणी होती ती याच १९५४ च्या कायद्याखाली नोंद करून मिळण्याची. ज्या कायद्यात भट नाही, काझी नाही, पाद्री नाही. टेबल आहे, रजिस्टर आहे, तीन साक्षीदार आहेत. एप्रिल २०२३ ला सुनावणी सुरू झाली तेव्हा कोर्टानंही सांगितलं की धर्माधर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही, विशेष विवाह कायद्यापुरतं बघू.

तरी सगळे धावले. अखिल भारतीय संत समिती गेली. जमियत उलेमा-ए-हिंद गेली. संघाच्या सरकार्यवाहांनी मार्चमध्येच सांगून टाकलं होतं की लग्न हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषातच. एरवी ही मंडळी एकमेकांच्या सावलीला उभी राहत नाहीत. एकमेकांची दुकानं जाळायची वेळ आली की पुढं यांचीच पोरं. पण दोन बायकांनी किंवा दोन बाप्यांनी रजिस्टरवर सही करायची म्हटल्यावर सगळे एका बाकावर येऊन बसले. मी विचारतो, त्या कचेरीत तुमचं काय काम? ते तुमचं देऊळ नाही, तुमची मशीद नाही. तुमच्या श्रद्धेच्या घरात कोणी घुसलं नव्हतं. तुम्ही मात्र सगळ्यांच्या सामायिक घरात घुसून सांगताय की इथंही आमचाच कायदा चालेल.

याच्याही आधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम हे मेकॉलेच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी पापपुण्यातून आलेलं. दिल्ली हायकोर्टानं २००९ साली त्याचा दात काढला. तेव्हा हे साहेबाचं कलम वाचवायला सुप्रीम कोर्टात कोण कोण गेलं? एक ज्योतिषी गेला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड गेलं. चर्चच्या संघटना गेल्या. आणि त्या यादीत एक नाव आहे, क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. मित्रांनो, हे नाव मी बनवलेलं नाही. मनूचं नाव उघड कपाळावर लिहून हे लोक कोर्टात उभे राहिले. ११ डिसेंबर २०१३ ला त्यांच्या मनासारखा निकाल लागला, पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानंच तो फिरवला. तो फिरवताना ज्या 'संवैधानिक नैतिकते'चा आधार घेतला, तो शब्द बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात मांडलेला. एका बाजूला मनू, एका बाजूला बाबासाहेब. आमच्या कमिटीच्या दादांना मी एवढंच विचारतो, तुम्ही 'बसत नाही' म्हणालात तेव्हा कुठल्या बाजूच्या सतरंजीवर बसला होता?

लग्नाच्या खटल्याचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. निदान लग्नाखेरीज काही कायदेशीर नातं द्यावं का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि तीन जिंकले. कायदा करायचा तर संसदेनं करावा. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. आता संसदेकडे बघायचं. ज्या संसदेत धर्माच्या नावानं मतं घेऊन गेलेले लोक बसतात तिच्याकडे.

संसदेचा हा अनुभवही आपल्याला नवा नाही. हिंदू कोड बिल आठवा. बाईला वारसा, घटस्फोट, जातीबाहेर लग्न एवढंच त्यात होतं. करपात्री स्वामी माणसं घेऊन रस्त्यावर उतरले. धर्मात ढवळाढवळ म्हणून ओरड झाली, अस्पृश्याला आमच्या धर्माचा कायदा लिहायचा अधिकार काय, इथपर्यंत गेलं. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद फेकलं. पुढं तेच बिल तुकडे तुकडे करून १९५५-५६ मध्ये पास झालं. धर्म बुडाला काय? देवळांतल्या घंटा वाजतच आहेत की.

मद्रासकडे पेरियारच्या लोकांनी भटाशिवाय स्वाभिमान लग्नं लावली. कोर्टानं ती लग्नं मोडीत काढली. १९६७ साली अण्णादुरैंच्या सरकारनं कायदा करून ती वैध केली, आधी लागलेली धरून. आपल्याकडे जोतिबांच्या सत्यशोधकांनी १८७३ पासून भटाला फाटा देऊन लग्नं लावली, तेव्हाही भटजी म्हणाले, हे लग्नच नाही. लग्न काय, हे ठरवायचा मक्ता कुणाकडे आहे, यावर आपली दीडशे वर्षांची लढाई आहे. आणि आज तो मक्ता आपल्या हातात आला असं वाटल्याबरोबर आपण भटजीसारखेच बोलायला लागलो.

आता आक्षेपांकडे येतो. आपल्यातलेच आक्षेप. वस्तीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर मी ऐकलेले.

पहिला आक्षेप, हे मोठ्या लोकांचे चोचले. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनंही कोर्टात हेच लिहून दिलं, की ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. वा रे सरकार. मी गोदीत कंटेनरच्या लॅशिंगला जातो. चार-पाच थर वर चढायचं, लोखंडी रॉड सोडवायचे. वरून गडी खाली आला की मुकादम पहिला प्रश्न विचारतो, वारस कोण? भरपाई अवलंबितांना मिळते आणि अवलंबित म्हणजे कोण याची यादी कायद्यात छापलेली असते. विधवा, पोरं, म्हातारे आईबाप वगैरे. त्या यादीत ज्याच्याबरोबर तो बारा वर्षं एका ताटात जेवला तो माणूस नाही. प्रॉव्हिडंट फंडाचंही तेच. कायद्यातल्या व्याख्येचं कुटुंब असलं तर बाहेरच्याचं नॉमिनेशन चालत नाही. आणि हा 'बाहेरचा' म्हणजे कोण? ज्यानं रात्री त्याचे पाय चेपले तो. ज्या चुलत्यानं पंधरा वर्षांपूर्वी त्याला घरातून हाकललं, तो मयताला येऊन खोलीला कुलूप लावतो आणि तो मात्र घरचा!

पैसेवाल्यांचं काय अडतं? ते वकील लावतात, मृत्युपत्र करतात, दोघांच्या नावावर फ्लॅट घेतात, नाहीतर विमानात बसून जिथं कायदा आहे तिथं जाऊन लग्न करून येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं खुलासा केला की अशा जोडीदारांना बँकेत जोडखातं काढता येतं. ठीक आहे. ज्याच्या खात्यात महिन्याच्या वीस तारखेला काही उरत नाही त्यानं जोडखातं चाटायचं का? लग्नाचा कागद हा गरिबाचा वकील असतो. एका सहीत वारसा, भरपाई, हॉस्पिटलच्या दारातून आत जायचा हक्क, मढं ताब्यात घ्यायचा हक्क. कॉलरी शिवणारीला तो कागद फ्लॅटवाल्यापेक्षा जास्त लागतो.

दुसरा आक्षेप, बाबासाहेबांनी हे कुठं सांगितलंय? बरोबर. बाबासाहेबांनी समलिंगी लग्नावर काही लिहून ठेवलेलं मला ठाऊक नाही, आणि त्यांच्या तोंडी मी माझं वाक्य घालणार नाही. पण त्यांनी काय केलं ते सांगतो. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवायचे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. त्यात हस्तमैथुनाचे प्रश्न होते, समलिंगी संबंधांचेही होते. सनातनी पिसाळले, अश्लीलतेचा खटला भरला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर शास्त्रीय लिहिणं अश्लील होत नाही, असं ते भांडले. हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरले. पण नव्वद वर्षांपूर्वी ज्या विषयावर बाकीचे तोंडाला धोतर लावत होते तिथं हा माणूस काळा कोट घालून उभा राहिला. चित्पावनाचं मासिक, मला काय त्याचं, असं म्हणाला नाही. आपण त्यांच्या फोटोखाली बसून लाजतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गुळगुळीत. आधी जात जाऊ दे, मग हे बघू. १९३६ साली लाहोरच्या मंडळानं बोलू न दिलेलं भाषण बाबासाहेबांनी पदरचे पैसे घालून छापलं, त्यात सांगितलंय काय? जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न, आणि तो लोकांच्या हातून होत नाही कारण शास्त्रं पवित्र आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. तेव्हा शास्त्राच्या पावित्र्यावरच घाव घाला. म्हणजे बाबासाहेबांनी बोट नेमकं कशावर ठेवलं? श्रद्धेनं लग्नाला घातलेल्या कुंपणावर. जात हे त्या कुंपणाचं नाव. कुणी कुणाशी झोपावं, कुणाच्या पोटी कुणाचं लेकरू यावं, यावर पहारा ठेवल्याशिवाय जात एक पिढीही टिकत नाही. खर्ड्याच्या नितीन आगेला २०१४ साली एका मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारून झाडाला टांगला. २०१७ साली आरोपी सुटले. ज्या पहाऱ्यानं त्याला मारलं तोच पहारा घरातून पळालेल्या दोन पोरींच्या मागावर असतो. पहारेकरी एक, काठी एक. तुम्ही म्हणता आधी ही काठी मोडू, मग ती.

आता श्रद्धावंतांना. मी तुमची श्रद्धा काढून घ्यायला आलेलो नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय ते तुम्हालाही आहे. तुमचा भट, तुमचा मौलवी, तुमचा पाद्री असं लग्न लावणार नसेल तर नका लावू. सक्ती कोणी मागितलेली नाही. पण तुमची श्रद्धा तुमच्या ताटापुरती. मी गाय खात असेन तर तुमचा उपास मोडत नाही. दोन बाप्यांच्या सह्या रजिस्टरवर पडल्या तर तुमच्या लग्नातला मंत्र पुसला जात नाही. श्रद्धेला माणसाच्या मनात जागा आहे, घरात जागा आहे. सरकारी रजिस्टरच्या रकान्यात तिला जागा दिली की ती सगळ्यात आधी आपलंच नाव खोडते. हा आपला अनुभव आहे.

आणि आता आपलं घर, आपला धम्म. इथं मात्र 'तुमची मर्जी' म्हणून सुटता येणार नाही. कारण आपण धम्म वारशात घेतलेला नाही, १४ ऑक्टोबर १९५६ ला निवडून घेतलाय. बावीस प्रतिज्ञांतली नववी सगळी माणसं समान मानायची आणि दहावी समता आणायची. त्यात खाली बारीक अक्षरात अटी लागू नाहीत.

कोणी म्हणेल, विनयात पंडकाला प्रव्रज्या नाही. खरं आहे, आहे तसं. तो भिक्खूसंघात घेण्याचा नियम. त्या दोघी चीवर मागायला आल्या नव्हत्या. आणि बाबासाहेबांनीच शिकवलं की नियमांचा धर्म वेगळा, तत्त्वांचा धर्म वेगळा. बुद्धवचन कुठलं हे ओळखायची कसोटीही दिली. जे बुद्धीला धरून नाही, माणसाच्या कल्याणाचं नाही, ते बुद्धाच्या नावावर खपवू नका. बुद्धाकडे लग्न हा दैवी संस्कारच नाही. होम नाही, सप्तपदी नाही, सात जन्म नाहीत. दोन माणसं एकमेकांना फसवणार नाहीत, मारणार नाहीत, जपतील, एवढी कबुली. ती कबुली द्यायला एक बाई आणि एक बाप्याच लागतो हे कुठल्या शीलात आहे? दाखवा. थायलंडात बहुसंख्य लोक बौद्ध. तिथं २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नं सरकारी कचेरीत नोंदली जातात. बुद्ध काही पळून गेला नाही तिथून.

एक टोला पलीकडच्यांनाही. कारण एकट्या दलितानंच का सुधारायचं? २०१५ साली मुंबईच्या पेपरात एका आईनं मुलासाठी नवरा पाहिजे अशी जाहिरात दिली. धाडसाचं काम, सलाम. पण जाहिरातीत शाकाहारी पाहिजे, आणि जातीची अट नाही म्हणता म्हणता कंसात आपलीच जात बरी. म्हणजे लिंगाचं कुंपण ओलांडलं आणि जातीचं कुंपण उचलून बरोबर नेलं. सप्तरंगी झेंड्याच्या मोर्चातल्या मित्रांनो, तुम्हाला जर भटजी बोलावून, पत्रिका जुळवून, जातीतलाच बाप्या बघून लग्न करायचंय, तर मग तुम्ही फक्त त्याच वाड्यात एक खोली मागताय. आम्ही तुमच्या हक्कासाठी उभे राहू, कारण हक्क चारित्र्याचा दाखला बघून मिळत नसतो. पण वाडा पाडताना तुम्ही कुठं असाल ते सांगा. तुमच्या मोर्चात निळा झेंडा घेऊन चालणारी दलित पोरं आहेत. ती दोन्हीकडून मार खातात. त्यांना विचारा.

मग करायचं काय? विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती मागायची, तीस दिवसांची नोटीस त्याच फटक्यात काढायला लावायची. ही एकच मागणी आपल्याला आणि त्यांना एका मोर्चात आणते. कामगाराच्या भरपाईत, फंडात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव चालायला पाहिजे, हे युनियनच्या मागणीपत्रात घालायचं. आणि कायदा व्हायची वाट न बघता आपल्या विहारांची दारं उघडायची. कायदा मागाहून येतो. सत्यशोधकांचं लग्न आधी लागलं होतं.

मी त्या दोघींच्या खोलीवर गेलो होतो. माफी मागितली. कॉलरवाली मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "माफी नको भाऊ. पुढच्या मीटिंगला तोंड उघड."

पुढची मीटिंग रविवारी आहे. मी तोंड उघडणार आहे. एकटा असेन तर एकटा. पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या वस्तीत विहार आहे, कमिटी आहे आणि सतरंजी आहे, त्यांनीही आपापल्या रविवारी दोरे उपटत बसू नये.

जय भीम.